रंगाखालचे नुकसान: धडकेनंतर विम्याचा दावा आणि बॉडीशॉपमधील दुरुस्ती कशी हाताळावी

काही वर्षांपूर्वी सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला मागून हलकी धडक बसली. मागच्या बंपरवर एक पोचा आणि दोन ओरखडे, एवढेच डोळ्यांना दिसत होते. विमा कंपनीने नुकसान पाहायला पाठवलेल्या सर्व्हेअरने उभ्या उभ्या पाहणी केली, इस्टिमेट त्याच दिवशी मंजूर झाले, बंपरला रंग लागला आणि चार दिवसांत गाडी घरी आली. पुढच्या पावसात डिकीच्या तळाशी पाणी साचू लागले तेव्हा उलगडा झाला, की बंपरच्या आतली पोलादी पट्टी आणि तिच्यामागचा पत्रा धडकेतच दबला होता आणि डिकीच्या रबराला टेकायला सरळ कडच उरली नव्हती. तोवर दावा बंद झाला होता, दुरुस्ती पसंत असल्याच्या समाधानपत्रावर माझीच सही होती, आणि हे नुकसान त्याच धडकेचे आहे हे दाखवायला माझ्याजवळ एकही छायाचित्र नव्हते.

त्या अनुभवातून जे शिकलो ते या लेखात क्रमाने मांडत आहे. गाडीच्या नुकसानीचा खरा हिशेब ती उघडल्यावरच लागतो, आणि त्या वेळी विमा कंपनी, बॉडीशॉप आणि मालक हे तिघेही त्याच भागांकडे पाहत असतील आणि दिसेल ते कागदावर येत असेल, तर पुढचे बहुतेक वाद उभेच राहत नाहीत. दावा कळवण्याची मुदत, पोलिसांकडे नोंद करण्याची सक्ती, दुरुस्तीची जागा निवडण्याचा हक्क या गोष्टी देशानुसार आणि पॉलिसीनुसार बदलतात, त्यामुळे त्या आपल्या पॉलिसीतच वाचाव्या लागतील. पत्रा, रंग आणि दुरुस्तीची रीत मात्र सगळीकडे तीच आहे.

धडक बसल्यावर

माणसे सुरक्षित आहेत याची खात्री झाल्यावर, आणि रहदारीला धोका नसेल तर गाड्या हलवण्यापूर्वी, छायाचित्रे काढावीत. आधी लांबून, म्हणजे रस्ता, दोन्ही गाड्यांची स्थिती आणि ब्रेकच्या खुणा एकाच चौकटीत येतील अशी. मग गाडीच्या चारही कोपऱ्यांची. आणि शेवटी नुकसानीची जवळून. बहुतेक जण फक्त शेवटची काढतात. जवळून काढलेल्या छायाचित्रात पोचा दिसतो, पण तो कोणत्या गाडीचा, कोणत्या बाजूचा आणि जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे कळत नाही. धडक कोणत्या दिशेने आणि किती जोराने बसली याचा अंदाज सर्व्हेअर उंची आणि दिशा यांवरूनच बांधतो. नुकसान न झालेल्या बाजूंची छायाचित्रेही आवश्यक आहेत, कारण गॅरेजमध्ये नवा ओरखडा पडला तर तो आधी नव्हता याचा तोच पुरावा असतो.

समोरच्या चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक लिहून घ्यावा, आणि जवळच्या साक्षीदाराला संपर्क क्रमांक विचारावा. काय घडले ते सांगावे, चूक कोणाची हे मात्र तिथे ठरवू नये; तो निर्णय नंतर पुराव्यावरून होतो आणि घाईत दिलेला कबुलीजबाब पुढे आपल्याच दाव्याच्या आड येऊ शकतो. समोरच्याने जागेवरच रोख रक्कम देऊन प्रकरण मिटवण्याचा आग्रह धरला तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडी उघडून पाहिल्याखेरीज कोणत्याही रकमेला होकार देऊ नये, आणि ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ अशा मजकुरावर सही तर मुळीच करू नये. विमा कंपनीने आपल्याला भरपाई दिल्यावर तीच रक्कम दोषी पक्षाकडून वसूल करण्याचा हक्क बहुतेक पॉलिसींत कंपनीकडे जातो. आपण परस्पर तडजोड करून तो हक्क बुडवला तर कंपनी आपला दावा नाकारू शकते.

गाडी चालवत न्यावी की टोइंग करून, हा प्रश्न लगेच समोर येतो. खाली द्रव गळत असेल, चाक कमानीला घासत असेल, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, बॉनेटचे कुलूप नीट बसत नसेल किंवा एअरबॅग उघडली असेल, तर गाडी चालवू नये. पाण्यात बुडालेल्या गाडीबाबत तर नियम याहून कडक आहे: इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान पुरामुळे झाले की गाडी सुरू केल्यामुळे, हा वाद मग विमा कंपनीशी सुरू होतो.

दावा करावा की नाही

हा हिशेब शांतपणे, शक्यतो कागदावर करावा. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायची ठरलेली रक्कम. त्याखेरीज अनेक पॉलिसींत जुने भाग बदलून नवे बसवताना घसारा कापला जातो, म्हणजे नव्या भागाच्या किमतीचा काही हिस्सा आपल्याच माथी येतो. शिवाय दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सूट गमावली जाते आणि तिचा परिणाम पुढची काही वर्षे राहू शकतो. दुरुस्तीच्या अंदाजातून डिडक्टिबल आणि घसारा वजा करावा, उरलेल्या रकमेची तुलना हप्त्यातील वाढीच्या एकूण बोज्याशी करावी आणि मग निर्णय घ्यावा. एका दरवाजावरचा ओरखडा बहुधा स्वखर्चाने दुरुस्त करणेच परवडते. मात्र ही तुलना करण्यापूर्वी गॅरेजकडून बंपर किंवा आतले अस्तर काढून पाहून घ्यावे, कारण बाहेरून किरकोळ दिसणाऱ्या धडकेत आतला पंखा, रेडिएटरचा आधार किंवा सेन्सरचा कंस वाकलेला असू शकतो.

दावा करायचा की नाही हे ठरायचे असले तरी घटना कंपनीला ताबडतोब कळवावी. घटना कळवणे आणि पैसे मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; समोरचा पक्ष काही आठवड्यांनी आपल्याविरुद्ध दावा घेऊन उभा राहिला तर वेळेत दिलेली सूचनाच कामी येते. कळवल्याने हप्त्यावर काय परिणाम होतो ते आधी पॉलिसीत पाहावे. सूचना दिल्यावर दावा क्रमांक, बोललेल्या व्यक्तीचे नाव आणि वेळ लिहून ठेवावी आणि फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने थोडक्यात पक्के करावे. मला हा सारा खटाटोप पूर्वी अनावश्यक वाटत असे. आता तो सोडण्याचा विचारही मनात येत नाही.

पाहणी होईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये, पण नुकसान वाढू नये याची काळजी घेणे ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. फुटलेल्या काचेवर प्लास्टिक लावणे, गाडी आडोशाला ठेवणे, बॅटरीचे टर्मिनल काढणे एवढे करावे आणि त्याची पावती जपावी. काढलेला, मोडलेला एकही भाग टाकून देऊ नये.

बॉडीशॉप निवडताना

विमा कंपनीच्या यादीतले बॉडीशॉप घेतले तर बिलाची रक्कम थेट त्यांच्यात चुकती होते आणि आपल्याला फक्त आपला हिस्सा भरावा लागतो. यादीबाहेरचे घेतले तर बहुधा आधी स्वतः भरून नंतर परतावा घ्यावा लागतो. सोय पहिल्या मार्गात आहे यात शंका नाही. पण यादीतले गॅरेज कंपनीने मान्य केलेल्या दरात आणि वेळेत काम संपवण्याच्या दबावाखाली असू शकते, म्हणून तिथेही तेच प्रश्न विचारावेत जे आपण अन्यत्र विचारू.

ते प्रश्न साधे आहेत. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मोजण्याचे यंत्र आहे का, आणि दुरुस्तीपूर्वीची व नंतरची मोजमापे छापील मिळतील का? आजच्या बहुतेक प्रवासी गाड्यांना वेगळी चॅसी नसते. छत, खांब आणि तळ मिळून एकच सांगाडा बनतो. त्यावरचे ठरलेले बिंदू कारखान्याच्या आकड्यांशी ताडून पाहिले जातात आणि साधारणपणे 3 मिलिमीटरपर्यंतचाच फरक चालवून घेतला जातो. डोळ्यांनी पाहून ‘सरळ आहे’ असे सांगणाऱ्याकडे गाडी सोपवू नये. दुसरा प्रश्न, निर्मात्याची दुरुस्ती पद्धत कुठून पाहता? तिसरा, कामाची हमी किती आणि ती लेखी मिळते का? रंगाचा बूथ बंदिस्त आहे का, हे तर विचारण्याऐवजी जाऊन पाहावे.

पोलादाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सुरक्षिततेचा प्रश्न इथेच आहे. पुढचे लांबट बीम धडकेत घडी पडून ऊर्जा शोषण्यासाठी बनवलेले असतात, तर दरवाजांमधला खांब प्रवाशांभोवतीचा पिंजरा टिकवण्यासाठी शक्य तितका कडक ठेवलेला असतो. या खांबांत अनेकदा बोरॉनयुक्त पोलाद वापरतात, ज्याची ताकद सुमारे 1500 मेगापास्कल असते आणि जे तापवले की ही ताकद गमावते. जुन्या पद्धतीचा कारागीर गॅसच्या ज्योतीने तापवून तो खांब सुंदर सरळ करून देईल, वर रंगही उत्तम देईल, आणि पुढच्या धडकेत तो खांब कागदासारखा दुमडेल. म्हणूनच निर्माते असे भाग सरळ करण्याऐवजी ठरलेल्या रेषेवर कापून बदलायला सांगतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यालाही वेगळी हत्यारे आणि वेगळी जागा लागते. पोलादाची धूळ त्यात रुतली तर रंगाखाली गंज सुरू होतो.

इस्टिमेट वाचताना

पहिले इस्टिमेट हा बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीचा अंदाज असतो. ते अंतिम समजून विमा कंपनीने मंजूर केले आणि आपण निश्चिंत झालो, हीच माझी चूक होती. त्यातली प्रत्येक ओळ वाचून पाहावी की भाग ‘बदलणे’ आहे की ‘दुरुस्त करणे’, नवा भाग निर्मात्याचा मूळ आहे, अन्य कंपनीने बनवलेला आहे की वापरलेला, रंगकाम कोणत्या भागांवर होणार आहे आणि शेजारच्या भागांवर रंगछटा मिसळण्याचे काम धरले आहे का. अन्य कंपनीचा भाग नेहमीच वाईट असतो असे नाही. प्लास्टिकचे अस्तर किंवा आरशाचे कव्हर तसे घेतले तर फारसे बिघडत नाही. बंपरमागची पट्टी, बॉनेटचे कुलूप, दिवे आणि एअरबॅगशी संबंधित काहीही मात्र मूळ निर्मात्याचेच असावे असा आग्रह धरावा. कोणता भाग मिळण्याचा हक्क आहे हे पॉलिसीत लिहिलेले असते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी गॅरेजमध्ये गेली की खराब भाग सुटे करून तपासणी करण्यास लेखी परवानगी द्यावी आणि गाडी उघडली जाईल त्या दिवशी स्वतः हजर राहावे. आत सापडलेल्या प्रत्येक नुकसानीचे छायाचित्र काढावे, गाडीच्या संगणकातील त्रुटींचा स्कॅन करून त्याची छापील प्रत घ्यावी आणि वाढीव इस्टिमेट तयार करून घेऊन सर्व्हेअरला पुन्हा पाहणीसाठी बोलवावे. वाढीव रक्कम मागण्याची ही सर्वत्र रूढ रीत आहे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. वाढीव मंजुरी लेखी येईपर्यंत त्या भागाचे काम सुरू होऊ देऊ नये. गॅरेज आणि सर्व्हेअर यांच्यात मतभेद झाला तर दोघांना निर्मात्याच्या पद्धतीचा कागद समोर ठेवून बोलायला सांगावे, कारण ‘आम्ही नेहमी असेच करतो’ या वाक्यापुढे तोच एक मुद्दा टिकतो.

कधी वाढीव इस्टिमेट गाडीच्या विमा मूल्याच्या ठरावीक हिश्श्यापलीकडे जाते आणि कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. मग वाद दुरुस्तीचा राहत नाही, गाडीच्या मूल्याचा होतो. पॉलिसीत मूल्य आधीच ठरलेले असेल तर त्यापेक्षा कमी देऊ केल्यावर कारण विचारावे. बाजारभावाने ठरणार असेल तर त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि साधारण तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती आणि आपल्या देखभालीच्या पावत्या सादर कराव्यात. भंगाराची रक्कम कशी धरली हेही विचारावे.

रंग आणि सेन्सर

कारखान्यात नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर रंग दिला जातो आणि तो सुमारे 140 अंश सेल्सिअसला भाजला जातो. पूर्ण बनलेली गाडी तेवढी तापवता येत नाही. आतले प्लास्टिक, रबर आणि वायरिंग खराब होईल. म्हणून बॉडीशॉपमध्ये वेगळ्या रसायनाचे रंग वापरून सुमारे 60 अंशांवर वाळवतात. विजेच्या गाडीच्या बॅटरीला किती उष्णता चालते याची निर्मात्याने मर्यादा घातलेली असते, ती पाळली जाते का, हे विचारावे.

कारखान्याचा सगळा रंगथर मिळून साधारण 100 ते 180 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. दुरुस्त केलेल्या भागावर तो वाढणारच, पण जाडी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा 500 च्या पुढे गेला तर खाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. पुट्टी वाईट नाही. पत्रा आधी नीट बसवून उरलेला बारीक खोलगटपणा भरण्यासाठी तिचा पातळ थर योग्यच आहे. पोचा तसाच ठेवून ती भरणे हे मात्र नुकसान लपवणे आहे, कारण जाड थर पुढे तडकतो आणि सोलून येतो. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र कोणीही वापरू शकते, परंतु ते धातूवरच चालते; प्लास्टिकच्या बंपरवर साधे यंत्र आकडा दाखवत नाही.

मेटॅलिक आणि मोत्यासारखी झळाळी असलेल्या रंगांत रंगाचा कोड बरोबर असूनही छटा जुळत नाही, कारण झळाळीचे कण कसे बसले यावर रंग कसा दिसतो हे ठरते, आणि जुना रंग उन्हाने थोडा बदललेला असतो. यासाठी कुशल रंगारी नवा रंग शेजारच्या भागावर विरळ करत नेतो आणि त्या पूर्ण भागावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, देतो. इस्टिमेटमध्ये हे काम नसेल तर रंगारी ते फुकट करणार नाही आणि दरवाजा वेगळा उठून दिसेल. ही ओळ आधीच घालून घ्यावी.

आजच्या गाड्यांत आणखी एक भाग जोडला गेला आहे. समोरच्या काचेमागचा कॅमेरा आणि बंपरमागचा रडार यांच्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा अवलंबून असते. काच बदलली, बंपर काढला किंवा कंस किंचित जरी सरकला, तरी अनेक गाड्यांत निर्मात्याच्या पद्धतीने पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा आणि रडार यांची नेमकी जुळणी, करावे लागते. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे यंत्रणा ठीक आहे असे गृहीत धरू नये. रडारसमोरच्या बंपरवर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढवण्यास काही निर्माते मनाईच करतात. समोरची काच गोंदाने बसवलेली असते आणि ती सांगाड्याच्या मजबुतीत भर घालते. गोंद किती वेळाने गाडी चालवण्याइतका पक्का होतो हे विचारून तेवढा वेळ थांबावे. एअरबॅग उघडली असेल तर नुसती बॅग बदलून भागत नाही: सीटबेल्ट ताणणारे यंत्र, सेन्सर आणि नियंत्रक यांबाबत निर्मात्याने जे सांगितले ते पूर्ण झाल्याची नोंद बिलात हवी. लहान मुलाची सीट गाडीत असेल तर तिच्या निर्मात्याची सूचना पाहावी. मोठ्या धडकेनंतर ती बदलायलाच हवी आणि तिचा खर्च पॉलिसीत बसतो का हे विचारावे.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी, पावसात किंवा ओल्या गाडीची पाहणी करू नये. ओला पत्रा सगळे दोष लपवतो. दिवसाच्या उजेडात गाडी तिरक्या नजरेने पाहावी, म्हणजे पत्र्यातला लाटेसारखा उंचसखलपणा आणि क्लिअर कोटचा खडबडीतपणा दिसतो. दरवाजा, बॉनेट आणि फेंडर यांच्यातील फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बोट फिरवून पाहावे. सगळे दरवाजे उघडून बंद करावेत, दिवे, आरसे, पार्किंग सेन्सर, काचा, एसी एकेक करून तपासावे, डिकीतला गालिचा उचलून पाहावे. मग सरळ रस्त्यावर चालवून स्टिअरिंग मध्यभागी राहते का आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जाते का ते बघावे. चाकाजवळ धडक बसली असेल तर अलाइनमेंटचा छापील कागद मागावा.

या पाहणीनंतरच समाधानपत्रावर सही करावी, आणि काही त्रुटी राहिली असेल तर तिथेच, सहीच्या वर, ती हाताने लिहावी. गॅरेज ‘आधी सही करा, नंतर करून देतो’ म्हणाले तरी थांबावे. त्यांनी काढलेले जुने भाग दाखवायला सांगावे. विमा कंपनी ते स्वतःकडे घेणार असेल तर किमान छायाचित्र काढावे. नव्या रंगावर काही आठवडे मेण किंवा पॉलिश लावू नये, कारण रंगातले द्रावक बाहेर पडायला तेवढा अवधी लागतो. नेमका काळ त्या रंगाच्या उत्पादकाने दिलेला असतो, तो लेखी मागावा.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम कापली गेली, तर कारण पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लेखी मागावे. पुढे कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग स्वतंत्र तज्ज्ञाच्या अहवालासह देशातील विमा लोकपाल किंवा ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाता येते. तिथे कामी येतात त्या पहिल्या दिवशीच्या छायाचित्रांपासून कॅलिब्रेशनच्या अहवालापर्यंतच्या साऱ्या गोष्टी. त्या एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावाव्यात आणि दावा मिटल्यावरही गाडी आपल्याकडे आहे तोवर ठेवाव्यात. गाडी विकताना नव्या मालकाला तीच फाइल द्यावी, म्हणजे धडक कुठे बसली होती आणि आत काय बदलले हे त्याला पत्रा ठोकून पाहावे लागत नाही.